स्नेह आणि वंगण

काही शब्द असे असतात की ते देवघरातही चालतात आणि स्वयंपाकघरातही चालतात. 'स्नेह' हा त्यांतलाच एक. लग्नपत्रिकेत, निरोपसमारंभाच्या भाषणात, शाळेच्या वार्षिक संमेलनाच्या फलकावर तो मोठ्या मानाने मिरवत असतो. आणि वैद्यकाचे पुस्तक उघडावे तर तिथे तो खुशाल तेलाच्या बुधल्यात बसलेला आढळतो. संस्कृत कोशात माया, ममता, जिव्हाळा या अर्थांच्या मांडीला मांडी लावून तेल, तूप, चरबी हे अर्थ दिलेले आहेत. म्हणजे 'आपल्या स्नेहाचा मी ऋणी आहे' असे सभेत सांगणारा वक्ता एका परीने 'आपल्या तेलाचा मी ऋणी आहे' असेच म्हणत असतो. दिवाळीच्या महिन्यात वाणीदादांच्या बाबतीत तर हे वाक्य अक्षरशः खरे असते.

मी काही पंडित नव्हे. शाळेत शिकलो तेवढेच माझे संस्कृत. पुढचे सगळे मुलांना शिकवता शिकवता, कोश चाळता चाळता गोळा झालेले. पण एवढे समजायला पांडित्य लागत नाही की या शब्दाच्या मुळाशी 'स्निह्' हा धातू आहे आणि त्यात ओलसरपणा, चिकटपणा हा भाव आहे. जे ओशट असते ते चिकटते. मन एखाद्यावर चिकटले की तोही स्नेहच. युरोपातल्या काही भाषांत बर्फाला जे शब्द आहेत त्यांचेही नाते काही भाषाशास्त्रज्ञ याच धातूशी लावतात, कारण बर्फही पडते आणि चिकटून राहते. हे नाते सर्वांना मान्य नाही. मला मात्र ते आवडते. तेलाची माया आणि हिमाचा गारवा एकाच घरची भावंडे निघावीत, यात थोडी मौज आहे.

तेलाची स्वतःची कुळकथा सरळ आहे. तिळाचे ते तैल, तैलाचे झाले तेल. म्हणजे मुळात तेल हे तिळाचेच; सरसूचे, एरंडाचे, करडईचे जे निघू लागले ते तिळाचे नाव उसने घेऊन. पुढे 'तिळाचे तेल' असे आपण बिनदिक्कत म्हणू लागलो आणि त्यातली द्विरुक्ती कोणाच्या कानाला खटकेनाशी झाली. संस्कृत वैयाकरणांनी तर 'तैल' हा जणू एक प्रत्ययच मानला आणि ज्याचा म्हणून स्नेह निघेल त्याला तो जोडण्याची परवानगी देऊन टाकली. इंग्रजांचेही असेच झाले. त्यांचा 'ऑइल' हा शब्द मुळात ऑलिव्हच्या फळाचा. ज्या मुलुखात जे पिकते त्याचे नाव साऱ्या जातीला मिळते. लोणी हे 'नवनीत'चे, म्हणजे नुकत्याच काढलेल्याचे रूप. तूप मात्र घृताच्या वंशातले नाही. हिंदीभाषकांचे 'घी' घृतावरून आले. आपण प्राकृतातला 'तुप्प' धरून ठेवला, आणि आपले कानडी शेजारी आजही तुपाला 'तुप्प'च म्हणतात. पंगतीत भातावर तुपाची धार पडते तेव्हा त्या धारेत आपण आणि कर्नाटक असे एकत्र असतो.

पण मला आज कुळकथेपेक्षा एका प्रश्नाकडे वळायचे आहे. ज्या गोष्टीने चिकटावे तीच गोष्ट निसरडीही असावी, हे कसे? स्नेह म्हणजे चिकटणे, असे धातू सांगतो. आणि अनुभव पाहावा तर तेल लावलेला पैलवान हातात सापडत नाही. 'त्याने अंगाला तेल लावले आहे' असे आपण ज्या पुढाऱ्याविषयी म्हणतो, त्याचा कोणाशी स्नेह आहे असे आपल्याला म्हणायचे नसते. 'मस्का लावणे', 'लोणी लावणे' हेही शब्द आपल्याकडे मायेसाठी वापरत नाहीत. अंगावर 'चरबी चढली' म्हणजे तर माणूस माजला. एकाच पदार्थाने भाषेत इतकी चांगली आणि इतकी वाईट नावे मिळवावी, याचे काहीतरी कारण असले पाहिजे.

आपल्या जुन्या तार्किकांनी या बाबतीत मोठी गंमत करून ठेवली आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त स्नेह हा एक गुण सांगितला आहे: ज्याच्यामुळे पिठासारखी भुकटी एकत्र येऊन तिचा गोळा होतो तो गुण. आणि हा गुण कोणाचा? तेलाचा नव्हे, पाण्याचा! साऱ्या सृष्टीत तो फक्त पाण्याच्या ठायी आहे असे त्यांचे म्हणणे. मग तेल ओशट का? तर त्यात पाण्याचा अंश आहे म्हणून. पाणी विस्तव विझवते, मग तेलाने तो भडकतो का? यावर 'भाषापरिच्छेद' लिहिणाऱ्या विश्वनाथ पंचाननाने उत्तर देऊन ठेवले आहे की, तेलात हा स्नेह अतिशय असतो आणि त्या अतिशयामुळेच तो जाळायला अनुकूल होतो. आजच्या विज्ञानाच्या तासाला हे उत्तर लिहिले तर मी शून्य गुण देईन. पण माणसांच्या स्नेहाला लावून पाहिले की हेच उत्तर विचार करायला लावते. बेताचा स्नेह आग शमवतो, अतिरेकी स्नेह तीत भर घालतो, हे कोणत्या घराने पाहिलेले नाही?

तार्किकांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले असते तर मात्र त्यांना आपल्या व्याख्येचा फेरविचार करावा लागला असता. सध्या घरोघर फराळाची कामे चालू आहेत, तेव्हा प्रयोग हाताशीच आहे. नुसते पाणी घालून कणीक मळली तर ती लवचीक होते, ओढली तर ताणते. गव्हातला चिकटपणा पाण्याने जागा होतो आणि कणाला कण घट्ट मिठी मारून बसतो. अशा पिठाच्या शंकरपाळ्या तळल्या तर दातांशी वैर. म्हणून पाण्याच्या आधी पिठात कडकडीत तुपाचे नाहीतर तेलाचे मोहन घालतात. ते प्रत्येक कणाभोवती पातळ कवच धरते आणि कणांना एकमेकांच्या गळ्यात फार पडू देत नाही. खुसखुशीतपणा म्हणतात तो हाच. मोहन कमी पडले तर पदार्थ दगड. जास्त झाले तर तेलात गेल्यावर त्याचा चुरा. आणि बेत साधला की नाही हे ओळखण्याची आमच्या घरातल्या बायकांची खूण तर्कशास्त्रापेक्षा सरस आहे: मोहन चोळलेले पीठ मुठीत दाबले तर मुटका वळला पाहिजे, आणि त्याच मुटक्याला बोट लावले तर तो सुटला पाहिजे.

मुटका वळतो आणि सुटतोही. स्नेहाची याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात नाही. धरणे आणि मोकळे ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारा हा पदार्थ आहे.

आयुर्वेदाने चार स्नेह सांगितले: तूप, तेल, वसा आणि मज्जा. त्यांत तूप सर्वांत श्रेष्ठ. चरकसंहितेत त्याचे कारण दिले आहे ते बलवर्धनाचे किंवा चवीचे नाही. ज्या औषधीबरोबर तूप सिद्ध करावे तिचे गुण ते अंगी घेते आणि तरीही आपले गुण सोडत नाही, म्हणून ते श्रेष्ठ. मित्राविषयी हेच वाक्य कोणी लिहिले असते तर आपण ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहिले असते. ते तुपाविषयी असल्यामुळे वैद्यांच्या कपाटात राहिले. वैद्यांचा आणखी एक क्रम असा की, शरीर शुद्ध करणारे जे कठोर उपचार असतात, त्यांच्या आधी स्नेहन करायचे. आधी तेल-तूप द्यायचे, मळ सैल होऊ द्यायचा, मग तो काढायचा. आणि स्निग्धाच्या उलट त्यांनी शब्द ठेवला 'रूक्ष'. तो आपण उचलला आणि माणसाच्या बोलण्याला लावला. कोरडी विचारपूस, कोरडा पाहुणचार, रूक्ष उत्तर: या साऱ्यांत एकच तक्रार आहे की, मध्ये तेलाचा थेंब नव्हता.

दिवाळीच्या अभ्यंगाविषयी लहानपणी मी आईला विचारले होते की, उटण्याने आणि शिकेकाईने सगळे तेल काढूनच टाकायचे, तर लावायचे कशाला? ती म्हणाली, "लागायचे तेवढे लागते. बाकीचे जाऊ दे." आईने आयुर्वेद वाचला नव्हता.

आता वंगण. माझ्या आजोळी बैलगाडी होती. गाडीच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. त्यात काळेकुट्ट, घट्ट वंगण. चाक काढून कण्याला ते चोपडायचे. चोपडले नाही की चाक कुरकुरायला लागे आणि ती कुरकूर शिवारभर ऐकू येई. मामा म्हणत, "गाडी रडायला लागली." लोखंड लोखंडाला घासते तेव्हा दोन्ही झिजतात, दोन्ही तापतात, मध्ये वंगण असले की दोघेही आपापल्या जागी राहून फिरतात. समाजातही स्नेहाचे मोठे काम हेच आहे, असे मला वाटते. एका गल्लीत राहणारी, एका नोकरीत जुंपलेली, एका भिंतीच्या दोन बाजूंना संसार करणारी माणसे एकमेकांना घासून झिजून गेली नाहीत, ती या मधल्या थरामुळे. हा थर दिसत नाही. संपला की मात्र ऐकू येतो.

पण वंगणाचा दुसरा उपयोगही आपल्या देशात सर्वांना ठाऊक आहे. कचेरीत कागद पुढे सरकत नाही तेव्हा 'वंगण घाला' असा सल्ला मिळतो. तिथेही घर्षणच कमी करायचे असते! मग स्नेहाचे वंगण आणि हे वंगण यांत फरक कोणता? पैसा दिला-घेतला हा फरक सोपा आहे. जिथे पैशाचा संबंध नाही, खरोखरीची माया आहे, आणि त्या मायेच्या नावाने काही मागितले जाते, तिथे प्रश्न अवघड होतो.

असा प्रसंग माझ्यावर आला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक स्नेही, आमचा वीस वर्षांचा घरोबा, एका संध्याकाळी घरी आले. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत. कबड्डीत असा चपळ की, चढाईला निघाला म्हणजे मैदानाबाहेरची मुले श्वास धरून उभी राहत. 14 वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या आणि मुलाचे वय त्या मर्यादेच्या थोडे पुढे गेले होते. शाळेचे जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात. स्नेही म्हणाले, "मास्तर, एका आकड्याचा तर प्रश्न आहे. पोराचे आयुष्य मार्गी लागेल. स्नेहाखातर एवढे करा."

मी चहा मागवला. वैद्यांचे ऐकून आधी स्नेहन केले म्हणा ना. मुलाचे कौतुक केले, ते खरेच होते. पुढच्या वयोगटात खेळता येईल हे सांगितले. त्यासाठी मी स्वतः खटपट करीन असे वचन दिले. आणि मग नाही म्हणालो. ते चहा अर्धा ठेवून उठले. पुढे त्यांचे येणे थांबले. दिवाळीत दोन घरांत फराळाची ताटे जात-येत, ती थांबली. बाजारात भेट झाली तर "काय, बरे आहे ना?" एवढे विचारतात. कुरकूरसुद्धा ऐकू येत नाही. गाडीच उभी राहिली आहे.

अशा वेळी लोक समजूत घालतात की, तो स्नेह खरा नव्हताच. खरा असता तर एवढ्याने तुटला नसता. ही समजूत मला पटत नाही. ती फार स्वस्त आहे. माझ्या आजारपणात ज्या माणसाने रात्री जागून काढल्या त्याचा स्नेह खोटा होता असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? स्नेह खराच होता. त्याच्याकडून जे काम मागितले गेले ते त्याचे नव्हते, एवढेच. वंगणाने चाक हलके फिरावे. गाडी कोणत्या वाटेला लागावी हे वंगणाने ठरवायचे नाही. संघातली जागा एकच होती. आकडा बदलला असता तर त्या जागेवरून दुसरे एखादे पोर उठले असते. त्या पोराच्या बापाचा माझ्याशी घरोबा नव्हता, हाच काय तो त्याचा अपराध ठरला असता. आम्हा दोघांच्या स्नेहाची किंमत त्या तिसऱ्याने मोजली असती.

शास्त्रकार याच्या पुढे जातात. ते म्हणतात, मुळात स्नेहच नको. महाभारताच्या वनपर्वात शौनक युधिष्ठिराला सांगतो की, दुःखाचे मूळ स्नेहात आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ 'अनभिस्नेह' असतो, म्हणजे कुठेच न चिकटणारा. ही शिकवण मोठी आहे हे मान्य करूनही मला तिची थोडी भीती वाटते. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त, पहिल्याच अंकात, राम म्हणतो की प्रजेच्या संतोषासाठी स्नेह, दया, सुख, फार काय जानकीही टाकावी लागली तरी मला व्यथा होणार नाही. हा भवभूती आपल्या विदर्भातला, पद्मपूरचा. त्याने हे वाक्य रामाच्या तोंडी घातले आणि मग पुढचे सगळे नाटक त्या रामाला रडत ठेवले. कर्तव्यासाठी स्नेह टाकणारा राम आपल्याला थोर वाटतो. पण स्नेह त्याने टाकला आणि वनात गेली ती सीता. तिथेही किंमत मोजणारे माणूस वेगळेच होते.

म्हणून स्नेह ठेवावा की टाकावा या वादात मला आता रस उरलेला नाही. ठेवल्याने झीज कोणाची होते आणि टाकल्याने कोणाची होते, एवढेच मी पाहू लागलो आहे. कालिदासाचा कण्व या बाबतीत मला रामापेक्षा जवळचा वाटतो. शकुंतला सासरी निघाली तेव्हा त्याचा गळा दाटून येतो, आणि तो स्वतःशीच नवल करतो की, मी अरण्यात राहणारा, मुलगी पोटची नव्हे, तरी स्नेहाने मला इतके विकल केले, मग संसारी माणसांचे काय होत असेल! तो डोळे पुसून तिला आशीर्वाद देतो आणि जाऊ देतो. स्नेह टाकीत नाही, मुलीलाही अडवीत नाही. जो त्रास व्हायचा तो स्वतःला करून घेतो. मुटका वळलाही आणि सुटलाही.

माझा मुटका मात्र नुसता सुटला. संस्कृत कवींना तिळावर श्लेष करण्याची भारी हौस. तिळातला स्नेह घाण्यात काढून घेतला की मागे राहते ती 'खल'. खल म्हणजे पेंड, आणि खल म्हणजे दुष्ट माणूस. स्नेह गेला की तीळसुद्धा खल होतो, मग माणसाचे काय, असा त्यांचा टोला. कोट्या करणाऱ्यांना पेंडीची पुढची हकिकत सहसा ठाऊक नसते. त्यांनी कधी गोठा पाहिलेला नसतो.

आमच्या गल्लीला दूध घालणारा गवळी गेल्या वसुबारसेला आंबोण कालवीत बसला होता. पेंड भिजत घातलेली. मी सहज विचारले, "यात तेल राहते का रे काही?"

"राहते की, गुरुजी. घाण्याच्या पेंडीत जास्ती, मशीनच्या पेंडीत कमी. ते औषध मारून काढतात त्या पेंडीत मात्र काही ठेवत नाहीत. सगळे पिळून निघत नसते हो." मग त्याने खिशातून डेअरीची चिठ्ठी काढून मला दाखवली. म्हशीचे दूध, त्याच्या समोर आकडा, आणि आकड्यावर रुपये. तो म्हणाला, "पेंड बंद केली होती मध्ये, महाग झाली म्हणून. फॅट उतरली लगेच. आता परत चालू केली, तर बघा, सातला टेकली."

स्नेह, तैल, तूप, चरबी असा फिरत फिरत हा शब्द आता 'फॅट' होऊन डेअरीच्या चिठ्ठीवर बसला आहे. 'आपला फॅटांकित' असे मात्र अजून कोणी पत्राखाली लिहिलेले नाही. मी चिठ्ठी परत दिली. तो म्हणाला, "अर्धा लिटर जास्त देऊ का आज? सणाचे दिवस आहेत." मी हो म्हणालो. पातेले भरून देताना त्याने आपणहूनच सांगितले की पलीकडच्या गल्लीतही, म्हणजे माझ्या त्या स्नेह्यांकडे, तो हेच दूध घालतो, याच म्हशीचे.